धुळाप्पाचं बुजणं

सोलापुरातल्या एका गिरणीत दोन साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा धुळाप्पा सलगर कशाला म्हणजे कशाला भीत नाही, हे सगळ्या साचाखात्याला ठाऊक होतं. कारण ते त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. तरुणपणी गावाकडं मेंढरं राखताना त्यानं एकट्यानं, नुसत्या काठीनं लांडगा मारला होता. गोष्ट खरी होती. फक्त पंधरा वर्षं सांगता सांगता लांडगा जरा वाढला होता. सुरुवातीला तो कुत्र्याएवढा होता, मग वासराएवढा झाला, आणि ही हकिकत घडली त्या एकोणीसशे सत्तावीस साली तो घोंगडं पांघरून बसलेल्या माणसाएवढा होता. एवढ्या लांडग्याला लोळवणारा माणूस आजारी पडू शकतो, त्याला दृष्ट लागू शकते, पित्त होऊ शकतं. पण तो भिऊ शकत नाही, हे धुळाप्पाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सगळं त्रांगडं तिथंच झालं.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी, गिरणी सुटून तो चाळीतल्या खोलीवर येऊन टेकतो न टेकतो तोच कोर्टाचा पट्टेवाला दारात उभा राहिला. एका कागदावर त्यानं धुळाप्पाचा अंगठा घेतला, दुसरा कागद वाचून दाखवला आणि त्याच्या हातात ठेवला. समन्स होतं. केराबाईच्या मेंढरांच्या खटल्यात धुळाप्पानं साक्षीला हजर राहायचं होतं.

केराबाई म्हणजे त्याच्या जुन्या जोडीदाराची, सिद्धाप्पाची बायको. धुळाप्पानं आणि सिद्धाप्पानं बारा वर्षं सीनेच्या काठानं एकत्र कळप राखला. पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला तेव्हा धुळाप्पानं आपली मेंढरं विकली आणि सोलापूरची गिरणी धरली. त्याला आता तीन वर्षं झाली होती. सिद्धाप्पा गावातच राहिला आणि मागच्या वर्षी वारला. केराबाईच्या पदरात राहिली अकरा मेंढरं. तेवढ्यावर ती जगत होती. एके दिवशी गावातल्या आबासाहेबांच्या गड्यांनी ती अकराच्या अकरा हाकून नेली, कानांवरच्या जुन्या खुणा कापून नव्या खुणा केल्या, आणि ही आमचीच मेंढरं म्हणून आबासाहेब मिशीला पीळ देत ओसरीवर बसले. केराबाईनं फिर्याद केली खरी, पण गावात आबासाहेबांविरुद्ध तोंड उघडणार कोण? कानाची खूण गेली, आता मेंढरं ओळखायची ती तोंडावरून. आणि आबासाहेबांच्या सावलीत न राहणारा, त्या मेंढरांची तोंडं ओळखणारा माणूस एकच उरला होता. तो सोलापुरात कापड विणत होता.

"जायाला पायजे," चिमाबाई, म्हणजे धुळाप्पाची बायको, म्हणाली.

"जानारच की! त्यात काय? मेंढरं वळखायची हाईत, लांडगं न्हाय मारायचं," असं म्हणून धुळाप्पा मोठ्यानं हसला. त्या संध्याकाळी भाकरीचा दुसरा तुकडा त्याच्या घशाखाली उतरेना. शेंगाच्या चटणीवर तीन भाकऱ्या चेपणारा माणूस ताटावरून उठला आणि म्हणाला की आज जवारीच वाईट लागतेय.

दुसऱ्या दिवशी जवारी बदलली. तरी तेच. आठ दिवसांत त्याच्या अंगात नाना तऱ्हा सुरू झाल्या. उगीच बसल्या जागी छातीत धडधडायचं. तोंड कोरडं पडायचं. तळहातांना इतका घाम सुटायचा की साच्यावरच्या पांढऱ्या कापडावर त्याच्या बोटांचे ठसे उमटायला लागले आणि जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, दोनदा बोल लावला. दर तासाला लघवीला जावं लागायचं. चिमाबाईशी तो कधी मोठ्यानं बोलत नसे, तो आता भांडं वाजलं तरी खेकसायला लागला. आणि समन्स! ते ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलेलं असायचं. सकाळी गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन धुळाप्पा परत यायचा, ट्रंक उघडायचा, कागद काढून बघायचा, पुन्हा ठेवायचा. त्याला वाचता येत नव्हतं. कित्येकदा तो कागद उलटाच धरलेला असे. पण बघून त्याची खात्री पटायची. कसली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता बघा, आपल्या भाषेत भीतीनं माणसाच्या पोटात गोळा येतो, छातीत धडकी भरते, तोंडचं पाणी पळतं, हातपाय गळतात. भीतीसाठी भाषेनं अंगाचा एकही भाग मोकळा सोडलेला नाही. धुळाप्पा हे सगळे शब्द लहानपणापासून बोलत आला होता. पण ते दुसऱ्यांना होतं, अशी त्याची समजूत. स्वतःच्या पोटात गोळा आला तेव्हा त्यानं वैद्याला पोट दाखवलं.

वैद्यानं पित्त सांगितलं आणि एरंडेल दिलं. शेजारच्या खोलीतल्या गौरम्मानं मात्र वैद्याचं ऐकलं नाही. ती अक्कलकोटकडची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. "अय्यो, हे पित्त न्हाय गं चिमाबाई, दृष्ट हाय! एवढा धट्टाकट्टा गडी, लोकं बघत्यात की," असं म्हणून तिनं धुळाप्पाला पाटावर बसवलं आणि त्याच्यावरून मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका अख्ख्या चाळीला लागला, गौरम्मा म्हणाली ठसका लागायलाच नको होता, दृष्ट लई मोठी असली की असं उलटं होतं. धुळाप्पा खोकत खोकत गप्प बसला. एरंडेलही प्याला, मिरच्याही सोसल्या.

पहिली तारीख आली. धुळाप्पा धुतलेला पटका बांधून सकाळपासून कोर्टाच्या आवारात बसला. संध्याकाळी चारला सांगितलं की आज काम चालणार नाही, पुढची तारीख महिन्यानं. धुळाप्पा घरी आला आणि चार भाकऱ्या खाऊन ढेकर दिला. छातीची धडधड बंद, हात कोरडे, आवाज मऊ. चिमाबाई म्हणाली एरंडेल लागू पडलं. गौरम्मा म्हणाली मिरच्या लागू पडल्या. दोघींची त्यावरून चांगलीच जुंपली, आणि आठ दिवस त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. खुद्द रोगी दोघींच्या मध्ये बसून खुशाल शेंगा खात होता.

दुसऱ्या तारखेला आठ दिवस उरले आणि सगळं पुन्हा सुरू झालं. पुन्हा एरंडेल, पुन्हा मिरच्या. तारीख पुढं ढकलली गेली आणि पुन्हा धुळाप्पा टुणटुणीत. साधा हिशेब होता. एखाद्या मेंढीला दर अमावास्येला हगवण लागली असती तर ह्याच धुळाप्पानं दुसऱ्या खेपेलाच सांगितलं असतं की अमावास्येला हिला काहीतरी वेगळं खायला मिळतंय. पण स्वतःकडं बघायला माणसाला कळपाबाहेर उभं राहता येत नाही, त्याला तो तरी काय करणार.

तिसरी तारीख माघात पडली. आणि तेव्हा चनबसप्पानं तोंड उघडलं.

चनबसप्पा धुळाप्पाच्या शेजारच्या साच्यांवर होता. साचाखात्यात शेकडो साचे एकदम चालतात, धोटे इकडून तिकडं आपटतात, तिथं कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून साचेवाले ओठ वाचतात. चार साच्यांपलीकडचा गडी ओठ हलवून काय म्हणतो ते त्यांना बरोबर कळतं. भोंगा होईपर्यंत अख्ख्या खात्यात लग्नं ठरतात आणि मोडतात, आवाज न करता. धुळाप्पालाही ही विद्या तीन वर्षांत आली होती. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. आपले ओठही हलतात.

दुपारच्या सुट्टीत चनबसप्पा भाकरी सोडत म्हणाला, "धुळाप्पा, रागावू नगं. पन तू त्या वकिलाला लई वेळ घेऊ देतुयास."

"कुठल्या वकिलाला?"

"तुज्या साच्यावर येतुय की रोज. सकाळपासनं आज तू आठरा येळा देवाची शपथ घेतलीस. मी मोजल्यात. 'व्हय सायेब, न्हाय सायेब, बारा वरसं राखलीत सायेब.' मग तू त्येला शिवी देतुयास, मग माफी मागतुयास, मग पुन्ना शपथ. आरं, सगळ्या खात्याला तुजी साक्ष पाठ झालीया! पल्याडच्या रांगंतल्यांनी तर पैज लावलीया की तू काळतोंडी मेंढीच्या पांढऱ्या पायाला डावा म्हनतुयास का उजवा. रोज बदलतुयास."

धुळाप्पा लाल झाला. आपण रोज, दिवसभर, शेकडो माणसांसमोर कोर्टात उभे असतो हे त्याला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. "पित्त डोस्क्यात गेलं की तोंड हलतं," तो म्हणाला. चनबसप्पानं मान डोलावली. कुणाच्या पित्ताबद्दल वाद घालणारा तो माणूस नव्हता.

तरी चनबसप्पाच्या आग्रहावरून तो गिरणीच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीला नळी लावली, जीभ बघितली, मग मनगट धरून नाडी मोजत म्हणाला, "कसली काळजी लागलीय का?"

"काळजी? मला?" धुळाप्पा हसला आणि त्यानं डॉक्टरला लांडग्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरनं ती सगळी ऐकून घेतली. बोटांखाली नाडी अगदी संथ चालली होती.

"बरं. हल्ली घरी, कामावर, नवीन काही?"

"काय न्हाय. एक बारकी साक्ष हाय कोर्टात, पुढच्या सोमवारी."

डॉक्टरनं मनगटाकडं पाहिलं, मग धुळाप्पाकडं पाहिलं. "तुला रोग नाही," तो म्हणाला. "तुझी छाती बैलाची आहे. तू धास्ती घेतली आहेस. त्याला औषध नाही."

धुळाप्पा दवाखान्यातून बाहेर पडला तो तणतणतच. ज्या डॉक्टरजवळ बाटलीत घालून द्यायला साधं गुलाबी पाणीसुद्धा नाही, तो कसला डॉक्टर! धास्ती म्हणे. धास्ती बायकापोरं घेतात. त्यानं घरी जाऊन आपणहून एरंडेल मागितलं आणि दुप्पट प्याला. त्याचे परिणाम इथं सांगण्यासारखे नाहीत.

सोमवार उजाडला. धुळाप्पा कोर्टाच्या आवारात पोचला तेव्हा केराबाई आधीच आली होती. मॅजिस्ट्रेट साहेबांनी ह्या खेपेला मेंढरं समोर आणायला सांगितली होती, त्यामुळं गावचे दोन कोतवाल ती अकरा मेंढरं घेऊन आदल्या दिवसापासून चालत आले होते, आणि केराबाई त्यांच्यामागून, मेंढरांना कुणी काठी तर मारत नाही ना हे बघत. आता मेंढरं लिंबाखाली एका दोरीला बांधली होती. शेजारून टांगे, पट्टेवाले, काळ्या डगल्यातले वकील जात-येत होते. केराबाई डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "धुळाप्पा, बघ रं जरा. सकाळपासनं हिरवा पाला म्होरं टाकलाय. एकबी तोंड लावंना. आजारी पडली का काय गं बाई."

धुळाप्पा उकिडवा बसला. तीन वर्षांनी तो मेंढरांसमोर बसत होता, आणि मेंढरांचं म्हटलं की त्याच्या डोक्यातून बाकी सगळं पार निघून जाई. त्यानं एकीच्या जबड्याखाली हात धरला, दुसरीच्या बरगडीवर ठेवला.

"आजारी न्हाईत, वैनी," तो म्हणाला. "बुजल्यात."

"कशाला? हितं काय लांडगा हाय?"

"न्हाय की. पन ह्यास्नी वाटतंय हाय. जनावराला नुस्तं वाटलं तरी पुरतंय. ह्ये बगा, रवंथ बंद. पोटात काय उतरतच न्हाय, त्येला पाला काय करनार? ह्ये काळीज बगा कसं उडतंय बरगडीखाली. नाक कोरडं. आनि जरा जरा येळानं मुततंय बगा समदं. ती बांडी सगळ्यांस्नी ढुशी मारतीया, एरवी लई गरीब हाय ती. आनि ह्यो पाय. बुजलेलं मेंढरू म्होरचा पाय आपटत ऱ्हातंय, सारखं, सारखं. पळायचं असतंय, दोरी बांधलेली असती, म्हनून पाय जाग्यावरच..."

"व्हय रं," केराबाई म्हणाली, "आनि तू का आपटतुयास?"

धुळाप्पानं खाली बघितलं. त्याचा उजवा पाय, वहाणेसकट, मातीत टप टप टप वाजत होता. पायाखाली चांगला वितीएवढा खड्डा पडला होता.

त्यानं पाय थांबवला. पाय थांबला आणि गुडघा हलायला लागला. धुळाप्पा त्या गुडघ्याकडं परक्या माणसाचा असल्यासारखा पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला. मग जीभ टाळ्याला लावून पाहिली. आणि मग, त्याला आठवलं, की आल्यापासून तो चार वेळा कुंपणामागं जाऊन आला होता.

"वैनी," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मी बुजलोय."

"म्हंजी?"

"म्हंजी भ्यालोय! चार म्हैनं झालं, मी भ्यालोय! पित्त न्हाय, काय न्हाय. माझी रवंथ बंद झालीया की हो! आनि मी खुळा एरंडेल पीत बसलोय!" आणि त्याला एवढं हसू आलं की मेंढरं आणखी बुजली, दोन वकील थांबून बघायला लागले आणि केराबाईला वाटलं, आपला एकुलता एक साक्षीदार पुकारा व्हायच्या आत कामातून गेला.

हसू ओसरल्यावर मात्र धुळाप्पाला बरं वाटलं. धडधड गेली नव्हती. हात तसेच ओले होते. पण ती आता ओळखीची धडधड होती. नाव नसलेल्या रोगापुढं तो चार महिने हात टेकून बसला होता. बुजलेल्या जनावराचं काय करायचं, हे तर त्याला पोटातून येतानाच ठाऊक होतं. बुजलेल्याला ओढायचं नाही. मारायचं तर मुळीच नाही. "भितोस काय" म्हणून त्याच्यावर ओरडण्यात काही अर्थ नसतो. कशाला बुजलंय ते बघायचं, हळू त्याच्याजवळ न्यायचं आणि हुंगू द्यायचं. हुंगलं की निम्मं बुजणं जातं. निम्मं राहतं, ते घेऊन चालायचं.

तो उठला आणि दारावरच्या पट्टेवाल्याकडं गेला. "दादा, साक्षीचा पिंजरा कुटं असतुय? लांबनं दावा की."

आत अजून साहेब आले नव्हते. पट्टेवाल्यानं कंटाळून बोट दाखवलं. धुळाप्पा पिंजऱ्याजवळ गेला, कठड्यावर हात फिरवला, मग खाली वाकून त्यानं लाकूड चांगलं दोन-तीन ठिकाणी हुंगलं. जुन्या तेलाचा, तंबाखूचा आणि त्याच्यासारख्याच पुष्कळ माणसांच्या घामाचा वास येत होता.

"ए, काय करतोस? वास काय घेतोस?" पट्टेवाला ओरडला.

"झालं, झालं. वळख करून घेतली," धुळाप्पा म्हणाला आणि बाहेर येऊन बसला.

पुकारा झाला. धुळाप्पा पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली. त्या शपथेचा त्याला सराव होता. आबासाहेब पुढच्या बाकावर बसले होते आणि त्यांचा वकील डगला सावरत उठला. तसा धुळाप्पाचा पाय वाजायला लागला. कोर्टात शांतता असल्यामुळं तो फारच वाजत होता.

"सायेब," धुळाप्पा मॅजिस्ट्रेट साहेबांकडं वळून म्हणाला, "एक सांगू का? मी बुजलोय. पाय आपटंल माझा मदनंमदनं. राग मानू नगासा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बुजलोय म्हणजे?"

"भ्यालोय सायेब. लई भ्यालोय. पन वळखीन मी मेंढरं."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनीही मिशीतल्या मिशीत हसून त्याला पाणी द्यायला सांगितलं. पण वकिलाला आयतं हातात सापडलं. तो पुढं आला. "भ्यालास? का बरं? खरं सांगणाऱ्या माणसाला भीती कशाची? रावसाहेब, साक्षीदार स्वतःच कबूल करतो आहे. ह्या बाईनं पढवून आणलेला माणूस आहे हा. पढवलेलं विसरेन म्हणून भितो आहे. खोटं बोलणाऱ्यालाच भीती असते, काय?"

धुळाप्पाला हा प्रश्न साच्यावर कधी सुचला नव्हता. तो गोंधळला. घोटभर पाणी प्याला. आणि मग त्यानं नुसतं स्वतःच्या आत पाहिलं आणि तिथं जे दिसलं ते सांगितलं.

"खोटं बोलनाऱ्याला कशाचं भ्या, वकीलसायेब? त्येचं काय चुकलं तरी त्येचं काय जातंय? माझ्याकडनं एक मेंढरू चुकलं, तर हिचं घर जातंय. हिचा दादला माझ्या मांडीवर डोकं ठिवून झोपायचा, रानात. त्येनं मला कधी काय मागितलं न्हाय. म्हनून भ्यालोय."

वकील काहीतरी बोलणार होता, पण साहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, चला, मेंढरं बघू.

सगळं कोर्ट लिंबाखाली आलं. धुळाप्पा दोरीच्या एका टोकापासून सुरू झाला. ही काळतोंडी, हिची आई खंडीभर दूध द्यायची, ही तिसऱ्या वेताची. ही बांडी, हिची आजी नदीला पूर आला तेव्हा सिद्धाप्पानं खांद्यावर घालून पार केली. हा मेंढा नाही, मेंढी आहे, पण डोळे बापाचे. तो बोलत होता, जबड्याखाली हात धरत होता, पाय मधूनमधून आपटत होता. दहा झाली. अकराव्यापाशी तो थांबला. बसला. तोंड वर करून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ह्ये न्हाय," तो म्हणाला.

"आँ?" केराबाई किंचाळली. "धुळाप्पा! नीट बघ की रं!"

"नीटच बगितलं, वैनी. धाच्या आया मला ठाव्या हाईत. हिची ठावं न्हाय. ह्ये आपलं न्हाय. ह्ये आबासाहेबाच्याच कळपातलं."

मग मागं उभा असलेला आबासाहेबांचा एक गडी फिस्सकन हसला आणि आबासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो लिंबामागं गेला. पण साहेबांनी ते हसणं ऐकलं होतं. त्यांनी गड्याला बोलावलं, दोन प्रश्न विचारले, आणि घाबरलेल्या गड्यानं सांगून टाकलं की बाईचं अकरावं मेंढरू वाड्यावरच्या जेवणाला कापलं, आणि जप्तीला पोलीस आले तेव्हा आकडा भरायला घरचं एक दिलं. साहेबांनी वकिलाला विचारलं, पढवलेल्या साक्षीदाराला आणखी काही विचारायचंय का? वकील म्हणाला, नाही.

निकाल आठ दिवसांवर ठेवला. ते आठ दिवस धुळाप्पाला भाकरी गेली नाही. पण ह्या खेपेला त्यानं एरंडेलाची बाटली गौरम्माच्या चुलीमागं ठेवून दिली आणि दोघींना सांगून टाकलं की मी बुजलोय, माझ्या नादी लागू नका, सोमवारी निवेल. चिमाबाईवर खेकसावंसं वाटलं की तो म्हणायचा, "चिमे, ही माझी ढुशी हाय, मनावर घेऊ नगंस." आणि साच्यावर छातीत फारच धडधडायला लागलं तर ओठ हलवून चनबसप्पाला म्हणायचा, जरा जवळ हुबा ऱ्हा. चनबसप्पा आपले साचे सोडून दोन पावलं सरकून उभा राहायचा. बास, तेवढंच.

निकाल लागला. दहा मेंढरं केराबाईला मिळाली. त्याच दुपारी ती मेंढरं हाकत गावाकडं निघाली, आणि धुळाप्पा तिला नाक्यापर्यंत घालवायला गेला. सगळ्या वाटेनं ती त्याच्यावर तोंडसुख घेत होती. एक मेंढरू घालवलंस. माझं खाल्लं त्यांनी, त्यांचं एक मी ठेवलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? कोण विचारत होतं तुला तिची आई कोण? धुळाप्पा हो हो म्हणत चालत होता. त्याला भूक लागली होती आणि तो फार आनंदात होता.

नाक्यावर ती थांबली. राग सरला होता. "एक सांग मला," ती म्हणाली. "येवढा भ्यालेला व्हतास, पोटात अन्न नव्हतं तुज्या, तर आलास कशाला? आजारी हाय म्हनून सांगावा धाडला आसतास, तर मी काय करनार व्हते?"

"मला कुटं ठावं व्हतं मी भ्यालोय त्ये?" धुळाप्पा हसून म्हणाला. "ठावं आसतं तर आलोच नसतो की!"

केराबाई हसली नाही. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्याकडं नीट पाहिलं.

"लिंबाखाली ठावं झालं की तुला," ती म्हणाली. "माझ्या म्होरं झालं. पुकारा व्हायला येळ व्हता, फाटक उघडं व्हतं. मी बघत व्हते, आता पळतुय का मग पळतुय. तू उठलास, आनि आत गेलास."

धुळाप्पानं हे मनात आणलंच नव्हतं. तो काहीतरी बोलायला गेला, पण मेंढरं पुढं गेली होती आणि केराबाई त्यांच्यामागं चालायला लागली होती. त्याचे डोळे चुरचुरले, आणि हे कशाचं लक्षण आहे ते ह्या खेपेला त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.